दुर्मिळ बीअर आणि तिची पारख

ज्या शहरास २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर हें नांव मिळालें, तें पूर्वींचें औरंगाबाद कशासाठीं प्रसिद्ध आहे, असें कोणास विचारलें तर वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं, बीबीचा मकबरा, पैठणी आणि हिमरूची शाल हीं नांवें चटकन् ओठांवर येतात. ह्याच शहरालगत वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत बीअरचे मोठमोठे कारखाने आहेत आणि महाराष्ट्रांत खपणाऱ्या बीअरचा फार मोठा भाग याच भागांत तयार होतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या गांवींही नसते. मालमोटारी भरून बाटल्या राज्याच्या कानाकोपऱ्यांत जातात. पण बीअरचा एखादा शौकीन केवळ तिची चव घेण्यासाठीं मुद्दाम प्रवास करून वाळूजला आला, असें कधीं ऐकिवांत नाहीं. जें मुबलक मिळतें त्याच्यासाठीं वाट कोण तुडवील?

आतां याच्या उलट एक चित्र पाहावें. बेल्जमच्या पश्चिम टोंकाला वेस्टफ्लेटरेन नांवाचें एक खेडें आहे. तेथें सेंट सिक्स्टस नांवाचा ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून हे साधु आपल्या हातांनीं बीअर करीत आले आहेत. त्यांच्या बाटलीवर पुष्कळ काळ कागदाची चिठीसुद्धां नव्हती. आंत कोणती बीअर आहे तें बाटलीच्या झांकणाच्या रंगावरून ओळखावयाचें. ही बीअर घ्यावयाची तर आधीं वेळ ठरवून घ्यावी लागे, गाडीचा क्रमांक कळवावा लागे आणि ठरल्या दिवशीं मठाच्या दाराशीं जाऊन मोजक्याच पेट्या उचलाव्या लागत. शिवाय ही बीअर पुन्हा विकूं नये, असें साधूंचें सांगणें असे. २००५ सालीं बीअरच्या हौशी मंडळींनीं केलेल्या एका मोठ्या मतगणनेंत या मठाची 'बारा' क्रमांकाची काळसर, कडक बीअर जगांतील सर्वोत्तम ठरली. वर्तमानपत्रांनीं ती वार्ता देशोदेशीं नेली, मठाच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि साठा संपला. कोणीही व्यापारी अशा वेळीं कारखाना दुप्पट करता. साधूंनीं एक पिंपही वाढविलें नाहीं. मठ चालावा म्हणून बीअर आहे, बीअर चालावी म्हणून मठ नाहीं, अशी त्यांची भूमिका होती.

एकीकडे कोणी न वाखाणलेली, घरोघर पोंचणारी बीअर आणि दुसरीकडे जगानें डोक्यावर घेतलेली, कोणाला न मिळणारी बीअर. या दोहोंच्या मध्यें एक प्रश्न उभा राहतो. रसिक जेव्हां एखाद्या वस्तूला पहिला क्रमांक देतात, तेव्हां ते गुणाला गुण देतात कीं दुर्मिळतेला?

या प्रश्नाचा विचार करणें म्हणजे मद्यपानाची शिफारस करणें नव्हे. महाराष्ट्रांत मद्याचें नियमन करणारा १९४९ चा कायदा नांवानें आजही दारूबंदीचाच कायदा आहे, आणि दारूनें धुळीस मिळालेले संसार मराठवाड्यांत शोधावयास लांब जावें लागत नाहीं. परंतु पारख ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती आंब्याला लागते, अत्तराला लागते, गाण्याला लागते. बीअरच्या निमित्तानें तिचें बरेंवाईट रूप स्पष्ट दिसतें, म्हणून हा विषय विचारणीय.

बीअर म्हणजे मुख्यतः चार पदार्थांचा मेळ. मोड आणून वाळविलेले जव, हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट सुवासिक फुलें, किण्व म्हणजे यीस्ट, आणि पाणी. बव्हेरियांत १५१६ सालीं जो प्रसिद्ध नियम झाला, त्यांत जव, हॉप आणि पाणी हीं तीनच नांवें होतीं. किण्वाचें कार्य तेव्हां कोणास उमगलें नव्हतें. तें पुढें पाश्चरनें उलगडलें, आणि १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हान्सेन यानें किण्वाची शुद्ध पैदास करून दाखविली. तेव्हांपासून एकाच चवीची, फिकी सोनेरी, थंड प्यावयाची बीअर लक्षावधि बाटल्यांनीं काढणें कारखानदारांस साधलें. आज पिणारी बीअर उद्यांही तशीच लागली पाहिजे, हा त्यांचा धर्म झाला. तो धर्म सोपा नाहीं. वर्षभर, उन्हाळ्या-पावसाळ्यांत, चवींत तिळाचाही फरक पडूं न देणें ही मोठ्या कौशल्याची गोष्ट आहे. परंतु त्या कौशल्यांत आश्चर्याला जागा राहिली नाहीं.

त्या एकसुरीपणाविरुद्ध अमेरिकेंत बंड झालें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या अवाढव्य देशांत बीअरचे शंभर कारखानेही उरले नव्हते. १९७८ सालीं घरच्या घरीं बीअर करण्यास तेथील मध्यवर्ती कायद्यानें मोकळीक दिली. हौशी लोकांनीं स्वयंपाकघरांत पातेलीं चढविलीं, त्यांतून लहान लहान मद्यशाळा निघाल्या, आणि आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे. याच सुमारास, १९७७ सालीं, मायकेल जॅक्सन नांवाच्या इंग्रज लेखकानें (प्रसिद्ध गायक तो निराळा) जगांतील बीअरचे प्रकार, घराणीं आणि त्यांचीं वैशिष्ट्यें सांगणारा ग्रंथ लिहिला. गाण्यांत जशीं घराणीं असतात तशींच बीअरमध्येंही आहेत, आणि ज्याचें मोजमाप त्याच्या घराण्याच्या रीतीनेंच करावें, ही दृष्टि त्या ग्रंथानें हौशी लोकांस दिली.

ही लाट महाराष्ट्रांत आली ती पुण्यास. २००९ सालीं तेथें 'दूलाली' नांवाची लहान मद्यशाळा सुरू झाली. समोर पिंपांत बीअर पिकते आणि चार पावलांवर ती पेल्यांत ओतली जाते, अशी ही व्यवस्था. तिच्या नांवामागें नाशिकजवळच्या देवळालीची एक कथा आहे. इंग्रजांच्या अमदानींत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणींत महिनेच्या महिने पडून राहत. काम नाहीं, करमणूक नाहीं, उन्हाचा तडाखा. कित्येकांचीं डोकीं फिरत. त्या अवस्थेस शिपाई आपल्या बोलींत 'देवळालीचा ताप' म्हणूं लागले, आणि वेड लागणें या अर्थीं 'दूलाली' हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. वाट पाहण्यानें माणसाची बुद्धि कशी ढळते, याची ही मराठी भूमींतील साक्ष आहे. दुर्मिळ बीअरच्या रांगा पाहिल्या कीं तिची आठवण होते. कॅलिफोर्नियांतील सँटा रोझा येथें 'धाकटा प्लिनी' या नांवाची एक बीअर २००५ पासून दर वर्षीं केवळ दोन आठवड्यांपुरती निघते. तिच्या एका पेल्यासाठीं लोक पहाटेपासून तासन् तास उभे राहतात. सहा तास उभा राहिलेला मनुष्य पहिल्या घोटानंतर ती सामान्य आहे असें म्हणेल काय? तसें म्हणणें म्हणजे आपले सहा तास आपणच पाण्यांत घालणें. हाही एक देवळालीचा तापच.

पारख करण्याच्या दोन रीति आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानांत घेतल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं.

पहिली रीत परीक्षकांची. अमेरिकेंत १९८५ सालीं स्थापन झालेल्या परीक्षकांच्या एका संस्थेच्या पत्रकांत एकूण पन्नास गुण असतात. पैकीं बारा गुण वासाला, तीन रूपाला, वीस चवीला, पांच जिभेवरच्या भरीवपणाला आणि दहा एकंदर समाधानाला. परीक्षकास पेला दिला जातो, पण बाटली दाखविली जात नाहीं. ती कोणी केली, कोठून आली, किती किंमतीची, कांहीं कळत नाहीं. ती कोणत्या घराण्याची आहे एवढेंच सांगितलें जातें. हलक्या सोनेरी बीअरची तुलना काळ्या दाट बीअरशीं करावयाची नाहीं, जसें ठुमरीला ध्रुपदाच्या तराजूंत घालावयाचें नाहीं. या रीतींत दुर्मिळतेला एकही गुण नाहीं.

दुसरी रीत हौशी लोकांची. जो तो आपण चाखलेल्या बीअरला आपल्या मतीप्रमाणें गुण देतो, त्या गुणांची सरासरी काढली जाते आणि तीवरून क्रमवारी लागते. वरवर पाहतां हें लोकशाहीचें राज्य. परंतु त्यांत एक मेख आहे. समजा, एक बीअर गल्लोगल्लीं मिळते. ती हजार लोक पितात. त्यांत आवडणारे असतात, न आवडणारे असतात, घाईनें पिणारे असतात. सरासरी खालीं येते. दुसरी बीअर वर्षांतून दोन आठवडे एकाच दारांत मिळते. तेथें जाणारे मूळचेच तिचे भक्त. ज्यांना तसली कडू किंवा काळी बीअर रुचत नाहीं ते तेथें फिरकतच नाहींत, म्हणून त्यांचें मत नोंदलेंच जात नाहीं. सरासरी वर जाते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांस विठोबाविषयीं मत विचारलें तर जें उत्तर येईल, तेंच येथेंही येतें. हा दोष ओळखून, थोड्याच लोकांनीं चाखलेल्या बीअरचे गुण गणितानें एकंदर सरासरीकडे ओढून घेण्याची युक्ति कांहीं मंडळींनीं योजिली आहे. तरीही या याद्यांच्या माथ्यावर काळ्या, दाट, अतिशय कडक बीअरच बहुधा बसतात, आणि उन्हांत तहान भागविणारी साधी हलकी बीअर कितीही निर्दोष असली तरी तळाशींच राहते. हिमरूच्या शालीपुढें घोंगडी उणी ठरावी, तसें हें आहे. थंडीच्या रात्रीं राखणीला बसलेल्या शेतकऱ्याला विचारलें तर तो क्रम फिरवील.

वेस्टफ्लेटरेनच्या मठाचीच एक गोष्ट या बाबतींत फार बोलकी आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर साधूंना व्यापाराचा व्याप नकोसा झाला. म्हणून १९४६ सालीं त्यांनीं जवळच्याच वाटू गांवांतील एका मद्यशाळेस आपल्या बीअरची कृति देऊन ती करण्याचा व विकण्याचा परवाना दिला. तो १९९२ सालीं संपला. पुढें त्या मद्यशाळेनें 'सेंट बर्नार्डस' या स्वतःच्या नांवानें तीच परंपरा चालू ठेविली. तिचीही 'बारा' क्रमांकाची काळसर कडक बीअर आहे. ती दुकानांत मिळते, रांग लावावी लागत नाहीं, किंमतही बेताची. दोन्ही बीअर आज अगदीं एक आहेत असें नव्हे. किण्व, पाणी आणि हात बदलले कीं चव बदलते. परंतु दोघी सख्ख्या चुलत बहिणी आहेत यांत शंका नाहीं. असें असूनही तीर्थयात्रा होते ती एकीचीच. जी दारांत उभी आहे तिला मान थोडा, आणि जी दाराआड आहे तिला अधिक.

तेव्हां दुर्मिळता हा गुण मुळींच नव्हे, असें म्हणून मोकळें व्हावें काय? तेंही बरोबर होणार नाहीं. दुर्मिळता एकाच जातीची नसते, हें मराठवाड्यांतील माणसास हुरड्यावरून सांगतां येईल. थंडीच्या दिवसांत ज्वारीचें कणीस दुधाळ असतांना शेतांतच आगटी पेटवून तें भाजावें, हातावर चोळावें आणि गरमगरम खावें. तोच हुरडा डब्यांत घालून दुसऱ्या दिवशीं मुंबईस नेला तर त्यांत राम राहत नाहीं. हुरडा दुर्मिळ आहे तो कोणी अडवून ठेविला म्हणून नव्हे. ती वस्तूच अशी आहे कीं शेत सोडून ती फार दूर जाऊं शकत नाहीं. हॉपच्या फुलांचा ताजा सुवास हा ज्या बीअरचा प्राण, ती बीअर अशीच असते. ऊन, हवा आणि काळ हे तिचे तीन शत्रु. थोड्या महिन्यांतच तिचा दरवळ ओसरतो, आणि रंगहीन कांचेंतून प्रकाश लागला तर तिला अक्षरशः दुर्गंधि येते. अशी बीअर पिंपापासून चार पावलांवर जी लागते ती साता समुद्रांपलीकडे लागत नाहीं. तिच्यासाठीं कोणी प्रवास केला तर तो प्रवास व्यर्थ नव्हे.

दुसरी दुर्मिळता व्रताची. मठांतील साधूंनीं घेतलेल्या व्रतांत प्रार्थनेस वेळ अधिक आणि बीअरला कमी. त्या मर्यादेंतून ती निर्माण झाली. २०१२ सालीं मठाच्या बांधकामासाठीं पैसा हवा होता, तेव्हां त्यांनीं एकदां परदेशांत बीअर विकली, गरज भागविली आणि पुन्हा दार लोटून घेतलें. या दुर्मिळतेला आदर द्यावा, परंतु तिला चवीचे गुण देऊं नयेत. साधूच्या संयमाचे गुण साधूला द्यावे, पेल्याला नव्हेत.

तिसरी दुर्मिळता ठरवून केलेली. माल काढतां येतो, पण काढावयाचा नाहीं. थोडा थोडा सोडावयाचा, गर्दी जमवावयाची आणि भाव चढवावयाचा. ही धान्य दाबून ठेवणाऱ्या सावकाराची रीत. हिला कोणतेच गुण देण्याचें कारण नाहीं. तेव्हां खऱ्या पारख्यानें गुण देण्याआधीं एकच प्रश्न विचारावा : ही वस्तु दुर्मिळ कशामुळें आहे?

हाच प्रश्न वाळूजला नेला तर उत्तर निराळेंच निघतें. तेथील बीअर दुर्मिळ नाहीं; परंतु ती ज्यापासून होते तें पाणी दुर्मिळ आहे. बीअरमध्यें नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतें, आणि एक लिटर बीअर काढावयाची तर धुणें, उकळणें, थंड करणें हें धरून कित्येक लिटर पाणी खर्ची पडतें. जुन्या काळीं पाण्याच्या गुणावरून बीअरचीं घराणीं ठरत. इंग्लंडांतील बर्टन गांवचें पाणी जिप्समनें जड, म्हणून तेथील कडवट फिकी बीअर नामांकित झाली आणि पिंपेंच्या पिंपें जहाजांत घालून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानांतील गोऱ्यांसाठीं येऊं लागली. बोहेमियांतील पिल्झेनचें पाणी हलकें, म्हणून १८४२ सालीं तेथें ती नितळ सोनेरी बीअर जन्मली जिची आज सारें जग नक्कल करतें. आतां यंत्रांच्या साहाय्यानें पाण्यांतील क्षार काढतां येतात व हवे ते घालतां येतात. पाण्याचा गुण माणसाच्या हातीं आला. पाण्याचें प्रमाण मात्र अजून पावसाच्याच हातीं आहे.

संभाजीनगरास पाणी येतें तें पैठणच्या जायकवाडी धरणांतून, म्हणजे नाथसागरांतून. २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांतील धरणें आटलीं. लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्या एप्रिल महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें आज्ञा दिली कीं मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यांत कपात करावी, आणि मे महिन्यांत ती कपात साठ टक्क्यांपर्यंत न्यावी. माणसाच्या घागरीचा हक्क आधीं आणि बाटलीचा मागून, असा त्याचा अर्थ. त्याच कारखान्यांवर पोट असलेले कामगारही याच शहरांत राहतात, आणि राज्याच्या तिजोरींत कराचा मोठा ओघ तेथूनच जातो. म्हणून तो निर्णय सोपा नव्हता. पण क्रम स्पष्ट होता. ज्या शहरांत कित्येक वर्षें नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आलें, त्या शहराच्या गृहिणीला दुर्मिळ म्हणजे काय हें कोणी सांगावयास नको. ती पाण्याच्या वेळेची रांग ओळखते.

याच शहरांत सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें डोंगराकडचें पाणी जमिनीखालून खेळवून आणणारी नहर बांधिली. पुढें दुसऱ्या एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशीं आलेल्या फकीर-यात्रेकरूंसाठीं धान्य दळलें गेलें. पाणी आणि धान्य यांचा मेळ त्या चक्कीनेंही घातला होता, आणि बीअरही तोच मेळ घालते. फरक इतकाच कीं त्या चक्कीवर पाणी आपलें काम करून पुन्हा वाहतें होत असे.

रसिकांनीं आपल्या याद्या खुशाल कराव्या. वासाला बारा, चवीला वीस, हे गुण त्यांनीं डोळ्यांवर पट्टी बांधून द्यावे, म्हणजे रांगेचा व नांवाचा ताप गुणपत्रिकेंत शिरणार नाहीं. पण त्या पत्रिकेंत अजून एक रकाना कोरा आहे. ही बीअर कोणाच्या पाण्यानें झाली, आणि तें पाणी त्यांना पुरलें काय, हें त्यांत लिहावयास हवें. तो रकाना भरावयाची वेळ आली, कीं वेस्टफ्लेटरेनच्या साधूंचा संयम आणि वाळूजच्या कारखान्याची काटकसर हीं एकाच मापानें मोजतां येतील. मग जी मद्यशाळा एका लिटरमागें पाणी वांचवून दाखवील, तिची बाटली कितीही साधी आणि कितीही सुलभ असली, तरी तिला मान द्यावयास कोणी लांबून वाट तुडवीत आला, तर त्यांत नवल वाटूं नये.